वतन नसलेल्यांचे कुलवृत्तांत

कुलवृत्तांत कुणाचा निघावा हे आपल्याकडे न बोलताच ठरून गेलेलं आहे. ज्या घरात सनद होती, इनाम होतं, कुळकर्ण किंवा देशमुखी होती, निदान भाऊबंदकीचे दावे पिढ्यानपिढ्या चालवता येतील एवढी जमीन होती, त्या घराचा निघतो. जाड पुठ्ठ्याचा ग्रंथ, आत घड्या घालून चिकटवलेला वंशवृक्ष, कुणी पेशव्यांच्या पदरी होता, कुणी काशीला जाऊन राहिला, कुणी 'निपुत्रिक' एवढ्या एका शब्दात आटोपला. लेकी बहुतेक ठिकाणी जावयाच्या आडनावापुरत्या. हे ग्रंथ सिद्ध करणारे लोक हौशी असतात. निवृत्तीनंतरची वर्षं आणि पदरचे पैसे घालतात, पत्रं पाठवून पाठवून भाऊबंदांना जेरीला आणतात. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या हाताशी मुळात कागद होता, आणि कागद मालमत्तेच्या मागून चालत येतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या या नियमाला थोडा अपवाद म्हणायच्या. तिथे यात्रेला आलेल्याचं नाव, गाव, बापाआजाचं नाव उतरलेलं असतं. तरी यात्रेला यायलाही सवड आणि वाटखर्ची लागतेच.

असा समज मनात पक्का असल्यामुळे कॉर्नवॉलच्या खाणकामगारांचे वंशज काय उद्योग करतात ते कळलं तेव्हा मी चकित झाले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा चिंचोळा प्रांत. कथील आणि तांबं ही इथली पिकं. जमीन उमरावाची, खाण भागीदारांची, झोपडी भाड्याची, आणि माणूस कोंदट काळोखात मेणबत्ती डोक्याच्या टोपीला मातीने चिकटवून खडक फोडणारा. मागे ठेवून जायला या लोकांकडे काही नव्हतं. तरी आज त्यांची खापरपणतवंडं सात-सात, आठ-आठ पिढ्या मागे जाऊन सांगतात, की हा कॅम्बोर्नचा, हा सेंट जस्टचा, याने अमुक साली डॉल्कोथ खाणीत काम धरलं, याची बायको लहानपणी खाणीच्या तोंडाशी हातोडीने खनिज फोडत असे.

माझा यात शिरकाव झाला तो ॲडलेडच्या एका बाईंमुळे. माझी मावसबहीण तिकडे असते, त्या तिच्या शेजारीण. निवृत्त परिचारिका. त्यांचे पूर्वज कॉर्नवॉलहून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावी तांब्याच्या खाणीवर आले, आणि त्यांच्यातला एक भाऊ तिथून पुढे कुठे गेला याचा पत्ता लावता लावता बाई कोलारच्या सोन्याच्या खाणींपाशी पोचल्या. केजीएफ म्हटलं की आता सगळ्यांना चित्रपट आठवतो. बाईंना मात्र तिथली एक कबर हवी होती. मी बंगळुरात राहते हे कळल्यावर मावसबहिणीने माझं नाव पुढे केलं. एका फोटोपुरतं काम होतं, पण त्या निमित्ताने बाईंनी मला त्यांची सगळी शोधकथा टप्प्याटप्प्याने लिहून पाठवली, आणि मी त्यात गुंतत गेले.

या हौशी लोकांची कामाची रीत मला फार आवडली. तिच्यात वकिलाचा संशय आणि आजीची स्मरणशक्ती दोन्ही लागतात. १ जुलै १८३७ पासून इंग्लंडात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्याच्या मागे जायचं तर चर्चच्या वह्या. १८४१ पासून शिरगणतीत प्रत्येकाचं नाव मिळतं, पण त्या साली मोठ्या माणसांची वयं पाचच्या पटीत खाली ओढून लिहिली, म्हणजे एकोणचाळीस वर्षांचा माणूस पस्तिशीचा होतो. १८५१ पासून जन्मगावही मिळू लागतं. रात्रपाळीला गेलेल्यांना घरीच झोपलेले धरायचं अशी गणकांना सूचना होती, त्यामुळे त्या रात्री जमिनीखाली घाम गाळणारा माणूस कागदावर बायकोशेजारी गाढ झोपलेला दिसतो.

खरी पंचाईत नावांची. जॉन, विल्यम, थॉमस, रिचर्ड. मेरी, एलिझाबेथ, जेन. एवढ्यांतच सगळा मुलूख बसवलेला. आडनावं तर 'ट्रे', 'पॉल', 'पेन' यांनी सुरू होणारी, एका गावात एकाच आडनावाची दहा घरं. एकाच वर्षी एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीत, जन्मलेले दोन जॉन, दोघेही कथीलखाणीत, दोघांच्याही बायका मेरी. यातला आपला कोणता? घाईने एकाला आपला म्हणणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची चूक उतरवून घेणारे त्याहून जास्त. मग दुसऱ्याचाच बाप शंभर घरांत पूजला जातो. जाणकार माणूस साक्षीदारांची नावं बघतो, शेजारच्या घरात कोण राहतं ते बघतो, लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला दिलंय का ते बघतो. त्यात भर मेथॉडिस्ट पंथाची. जॉन वेस्लीने या खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचनं केली, ग्वेनॅपच्या खोलगट जागेत हजारोंनी लोक जमत, आणि पुढे बहुतेक मुलूखच त्या पंथाचा झाला. म्हणजे पॅरिशच्या वहीत नाव नसेल तर ते चॅपेलच्या वहीत असायचं. कधी बापाच्या मनात आलं की चार-पाच मुलांचे बाप्तिस्मे एका दिवसात उरकलेले. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख समजून चालणारा तिथेच फसतो.

आणि प्रत्येकाचा पणजोबा कॅप्टन असतो! कॉर्नवॉलच्या खाणीवर देखरेख करणाऱ्याला कॅप्टन म्हणत. घराघरांत सांगत आलेले असतात की आमचा पणजोबा कॅप्टन होता, किंवा त्याची स्वतःची खाण होती. आपल्याकडे जसा ज्याचा त्याचा पूर्वज पानिपतावर लढलेला असतो, तशातलाच प्रकार. पण खाणीच्या मालकीची दंतकथा अगदी निराधार नसते. तिथे बरेच कामगार मजुरीवर नव्हे, तर बोलीवर काम करत. ठरावीक दिवशी खाणीच्या कचेरीसमोर लिलाव व्हायचा. कॅप्टन एकेक जागा पुकारायचा आणि चार-सहा जणांची टोळी म्हणायची, या जागेतून काढलेल्या खनिजाच्या किमतीपैकी पौंडामागे इतके शिलिंग आम्हाला द्या. मेणबत्त्या, बारूद, दोर, हत्यारांना धार लावणं, सगळं त्यांच्याच हिशेबातून कापलं जायचं. शीर चांगली लागली तर दोन महिन्यांत चैन, नाही लागली तर कर्ज. ही माणसं स्वतःला नोकर समजत नसत. पणतवंडांच्या कानावर आलेली 'आमची खाण' बहुधा हीच, दोन महिन्यांपुरती बोलीने घेतलेली काळोखातली काही हात जागा.

बायकामुलांचा माग काढणं जास्त कठीण, आणि जास्त मोलाचं. जमिनीखाली बायका जात नसत. वर खनिज फोडायला, निवडायला, धुवायला असत. त्यांना 'बाल मेडन' म्हणत. डोक्यावर पांढरी ताठ टोपी, पायांना कापडाच्या पट्ट्या. लग्न झालं की शिरगणतीत त्यांचा व्यवसायाचा रकाना बहुधा कोरा होतो. पण १८४२ साली मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल निघाला. कॉर्नवॉलचा भाग डॉ. चार्ल्स बारहॅम यांनी तयार केला, आणि त्यात मुलामुलींच्या जबान्या नावानिशी आहेत. किती वाजता उठतो, किती मैल चालून येतो, जेवायला काय आणतो, छातीत दुखतं का. ॲडलेडच्या बाईंनी लिहिलं होतं, की खाणकामगार घराण्यातल्या माणसाला या अहवालात आपलं कुणी सापडलं तर तो ते आयुष्यभर सांगत फिरतो. कुलवृत्तांताच्या ग्रंथांत मी पराक्रमी पुरुष खूप वाचले. बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपलं जेवण सांगते असं पान मात्र वाचलेलं आठवत नाही.

मृत्यूची नोंद सर्वांत सविस्तर. माणूस जिवंत होता तोवर वर्तमानपत्राला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो शिडीवरून पडला की पंचनामा होई आणि स्थानिक साप्ताहिकात चार ओळी येत. दिवसभर काम करून शेकडो फूट शिड्या चढून वर यायचं, त्यात हातातलं बळ गेलं की संपलं. त्यावर उपाय म्हणून १८४२ साली ट्रेसाव्हियन खाणीत माणसांना वर-खाली नेणारं यंत्र बसवलं. एक लांबच लांब दांडा वर-खाली हलतो, त्यावर पायऱ्या, माणसाने योग्य क्षणी दांड्यावरून कपारीवर आणि कपारीवरून दांड्यावर पाय टाकत वर यायचं. समुद्राखाली पसरलेल्या लेव्हांट खाणीत २० ऑक्टोबर १९१९ रोजी असलाच दांडा माणसांनी भरलेला असताना तुटला, आणि ३१ जण गेले. ईस्ट व्हील रोझ खाणीत १८४६ च्या जुलैत ढगफुटी होऊन पाणी आत शिरलं, ३९ जण बुडाले. अशा मोठ्या अपघातांतल्या मृतांच्या याद्या आता सहज मिळतात. पण यादीत न येणारे मृत्यू त्यांच्या कितीतरी पट. दाखल्यावर नुसतं 'क्षय' असतं, वय चाळीसच्या आसपास, आणि व्यवसाय खाणकामगार. दगडाच्या धुळीने भरलेली फुप्फुसं. एकाच घरातले बाप, काका, भाऊ ओळीने चाळिशीत गेलेले दिसले, की शोध घेणाऱ्याला वैद्यकीय पुस्तक उघडावं लागत नाही.

१८६६ मध्ये तांब्याचे भाव कोसळले, पुढे मलाया-ऑस्ट्रेलियाच्या स्वस्त कथिलाने उरलंसुरलं संपवलं, आणि हे लोक जगभर पांगले. त्याच्या आधीच सुरुवात झाली होती. मेक्सिकोतल्या रिआल देल मोन्तेच्या चांदीच्या खाणीवर १८२० च्या दशकात कॉर्निश टोळ्या गेल्या होत्या. त्यांनी नेलेली करंजीसारखी मांसाची पेस्टी आजही त्या गावात 'पास्ते' म्हणून विकली जाते. मिशिगन, कॅलिफोर्नियातली ग्रास व्हॅली, बर्रा, मूंटा, जोहान्सबर्ग, कोलार. जिथे जमिनीत भोक, तिथे कॉर्निश माणूस, अशी त्यांची ख्याती होती. आता वंशज शोधणार तर एकाच घराण्यासाठी चार खंडांतली दफनभूमी पालथी घालावी लागणार. एकट्याच्याने ते होणं नाही.

म्हणून हे लोक वाटून घेतात. कॉर्नवॉलमध्ये स्वयंसेवकांनी एकेक पॅरिश दत्तक घेतलेला आहे. त्या पॅरिशच्या जुन्या वह्यांतली शाई उडालेली अक्षरं लावून लावून ते उतरवतात आणि विचारेल त्याला फुकट देतात. १८८१ ची ब्रिटनची संपूर्ण शिरगणतीसुद्धा अशाच हजारो स्वयंसेवकांनी हाताने उतरवली. कॅम्बोर्नजवळ राहणारा कुणी पावसात जाऊन एखाद्या अनोळखी कॅनेडियनसाठी शेवाळ पुसून थडग्याचा फोटो काढतो. तो कॅनेडियन त्याच्यासाठी काही करू शकत नाही, मग तो तिसऱ्याच कुणासाठी ओंटारिओतल्या वर्तमानपत्राचे जुने अंक चाळतो. शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढाच यांचा कायदा. फक्त वाटी फिरत फिरत कुणाच्या दारात जाईल ते कुणाला ठाऊक नसतं. विद्यापीठातले इतिहासकार पूर्वी या मंडळींना जरा नाक मुरडत. अजूनही काही मुरडतात. पण कॉर्निश स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही आता या याद्यांवाचून पुढे जाता येत नाही, हेही तितकंच खरं.

या देवाणघेवाणीत एक गाठ मात्र सुटत नाही. परदेशी गेलेला नवरा पैसे पाठवायचा, आणि बायको चार पोरं घेऊन मागे राहायची. शिरगणतीत 'खाणकामगाराची बायको, नवरा परदेशी' असं लिहिलेलं गल्लीच्या गल्लीत सापडतं. पैसे येत राहिले तर ठीक. मग कधी तीन महिन्यांनी येऊ लागले, मग थांबले. पुढच्या शिरगणतीत बाई स्वतःला विधवा म्हणवते. आणि इकडे, दीडशे वर्षांनी, नेवाडातला कुणी गृहस्थ आनंदाने कळवतो की तुमचा जॉन मला सापडला, त्याने इथे दुसरं लग्न केलं होतं, मी त्याच्या धाकट्या घरातला! ॲडलेडच्या बाईंच्या कुळात असं एक प्रकरण आहे. त्यांची मोठी बहीण तो कागद बघायला तयार नाही. तिचं म्हणणं, तो माणूस कुणाला सापडू नये म्हणून सहा हजार मैल लांब गेला, तुम्ही त्याला कॉलर धरून परत आणता.

मला वाटतं, त्या बहिणीने यातली खरी अडचण बोलून दाखवली. आपण ज्याला पूर्वजांचा ठेवा म्हणतो त्यातला कागद न् कागद त्यांना धरून ठेवण्यासाठी तयार झालेला असतो. कर कुणी द्यायचा, अनाथ पोर कोणत्या पॅरिशच्या माथी मारायचं, उचल किती झाली, हत्याराचे पैसे कुणाच्या हिशेबातून कापायचे, मेला त्यात कंपनीचा दोष होता की नव्हता. कुणीही हा कागद नातवासाठी लिहिलेला नाही. नातवाला जो दुवा वाटतो तो आजोबाच्या पायातला दोर होता. जो दोर तोडून गेला तोच नातवाला सापडत नाही, आणि नातू हळहळतो.

कोलारला गेले तेव्हा हे फारच नीट दिसलं. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने इथलं काम हाती घेतलं, आणि त्यांच्यामागोमाग कॉर्निश कॅप्टन, फिटर, सुतार आले. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाव, नंदीदुर्ग या खाणी. १९०२ साली शिवनसमुद्रमहून दीडशेच्या आसपास किलोमीटर तारा टाकून वीज आणली, तेव्हा देशातल्या बहुतेक शहरांत वीज काय असते ते माहीत नव्हतं. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खडक दाबाने फुटायचा आणि वर घरांतली भांडी हलायची. २००१ च्या फेब्रुवारीअखेर सगळं बंद झालं. आता सायनाइडच्या मातीचे करडे सपाट डोंगर उरलेत, आणि कामगारांच्या लाइनींतून राहणारी, रोज पहाटेच्या गाडीने बंगळुरात कामाला येणारी माणसं.

ज्यांनी मला कबरस्तानात फिरवलं ते गृहस्थ खाणीतून निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना अण्णा म्हणत होते, ते मला मॅडम. हिंदी, कन्नड, तमिळ अशा मिश्रणात आमचं चाललं होतं. परदेशातून फोटोंची विचारणा करणारी पत्रं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येतात. त्यामुळे कोणत्या ओळीत कोण, कुणाची मेरी बाळंतपणात गेली, कोणता कॅप्टन कॉलऱ्याने गेला, सगळं त्यांना तोंडपाठ. बाईंच्या त्या भावाची कबर झुडपाखाली मिळाली. दगड दुभंगलेला होता, पण नाव आणि कॅम्बोर्न हे गाव वाचता येत होतं. अण्णांनी पाण्याची बाटली ओतून अक्षरं ओली केली. ओल्या दगडावरचं अक्षर फोटोत चांगलं उठतं, हे त्यांनी मला शिकवलं.

दफन झालेल्या या गोऱ्या माणसांच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला जात. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू, सगळे चर्चमार्फत वर कळवले जायचे, आणि आज ते खंडच्या खंड ब्रिटिश लायब्ररीत आहेत. खाणीत खाली उतरणारे हजारो मजूर मात्र उत्तर अर्काट, चित्तूर या भागांतून आलेले, बहुतेक दलित, तमिळ किंवा तेलुगू बोलणारे. ठेकेदाराने आणले, लाइनीत ठेवले. त्यांचं लंडनला काही जायचं नाही. अण्णांच्या आईकडचे लोक ख्रिस्ती झाले होते, म्हणून आईकडचं त्यांना चर्चच्या वहीत पणजीपर्यंत मिळालं. वडिलांकडचं आजोबांपाशी थांबतं. आजोबा कोणत्या गावचे ते आजीला ठाऊक होतं, आजी गेली.

मी सहज, थोड्या हळहळीने म्हटलं, कंपनीने नीट नोंदी ठेवल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णा हसले. म्हणाले, ठेवणार होते की मॅडम, आमच्याच लोकांनी ठेवू दिल्या नाहीत. १९३० साली कंपन्यांनी मजुरांच्या अंगठ्याचे ठसे घेऊन नोंदणी करायचं ठरवलं. त्यावर कामगारांनी मोठा संप केला. कोलारच्या कामगार चळवळीच्या इतिहासात तो संप प्रसिद्ध आहे. कारण उघड आहे. एका खाणीतून हाकललेला माणूस नाव बदलून शेजारच्या खाणीत लागू शकत होता. ठसा घेतला की ती वाट बंद. अण्णांचे आजोबा त्या संपात होते, एवढी एकच गोष्ट आजोबांविषयी घरात सांगत आलेले आहेत. म्हणजे या घराकडे पूर्वजाचा कागद नाही, आणि कागद का नाही याची गोष्ट मात्र आहे. मला तरी हा सौदा तितकासा तोट्याचा वाटला नाही. अण्णांना काय वाटलं ते विचारायचं सुचलं नाही. ते पुढच्या कबरीवरची वेल तोडत होते, तिचा फोटो व्हँकुव्हरला हवा होता.

मी घरी येऊन बाईंना फोटो पाठवले आणि अण्णांची ही गोष्टही लिहिली. त्यांनी उलट विचारलं, तुमच्या घरात कुणी खाणीत होतं का?

होतं, पण वरच्या बाजूला. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या एका मँगनीज खाणीवर हजेरी कारकून होते. बरेचसे मजूर छत्तीसगडकडचे, काही गोंड, बायका-पुरुष दोन्ही. सरदार आपल्या गावाकडून टोळी आणायचा. पक्का हजेरीपट कंपनीत जायचा. आजोबा स्वतःपुरती एक कच्ची वही ठेवत, कारण चुकाऱ्याच्या दिवशी भांडणं होत आणि कमी पडलेले पैसे कारकुनाच्या अंगावर येत. ती वही आमच्या माळ्यावर होती. बाबांनी तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर दुधाचा हिशेब लिहिलेला आहे.

वहीतली नावं वाराची. मंगलू, बुधराम, बुधियारिन, शुकवारो, शनिचरी, इतवारी. ज्या वारी जन्मला तो वार. एका पानावर तीन मंगलू. त्यांना आजोबांनी थोरला, काणा आणि सरदाराचा भाचा असं वेगळं केलेलं आहे. कॉर्नवॉलचे सगळे जॉन आठवून मला हसू आलं. पण तिथे जॉनच्या पुढे आडनाव असतं, पॅरिश असतो. इथे मंगलूच्या पुढे सरदाराचं नाव, भरलेले दिवस, उचल, कापलेली उचल, हाती दिलेले पैसे. उचलीचा आकडा कुठेही चुकलेला नाही. आणि त्यापुढे अंगठा. निळ्या-जांभळ्या शाईचे, काही पुसट, काही इतके स्वच्छ की रेषा मोजता याव्यात. नावाने ज्या माणसाचा पत्ता कधीच लागणार नाही त्याचा अंगठा माझ्या हातात आहे.

आजोबा भला माणूस होता असं घरात सगळे सांगतात, आणि तसे ते असतीलही. पण वही भल्या माणसाची नाही, कारकुनाची आहे. काही नावांपुढे तांबड्या शाईत 'फरार' असा शेरा आहे. उचल घेतली आणि रातोरात टोळी सोडून गेला. एका शनिचरीपुढेही आहे. ती एकटी गेली की कुणाबरोबर, गावी गेली की दुसऱ्या खाणीवर, ते कळायला मार्ग नाही. तिची उचल पुढच्या आठवड्यात सरदाराच्या नावावर टाकलेली आहे.

बाईंना मी पानांचे फोटो पाठवले तेव्हा त्या हरखून गेल्या. अक्षर एक वाचता येत नव्हतं, तरी. त्यांचं म्हणणं, सगळं उतरवून काढा आणि विचारेल त्याला देऊन टाका. छत्तीसगडमध्ये कुणीतरी कधीतरी शोधेल. भंडाऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक तिथल्या खाणवस्त्यांच्या आठवणी गोळा करतात, त्यांनाही मी दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, सरदारांची गावं लिहिली आहेत का? दोन सरदारांची आहेत. त्यांना तेवढ्यानेही काम पुढे नेता येईल असं वाटतं, कारण टोळ्या सहसा एकाच गावच्या असत, आणि त्या गावात अजून कुणी म्हातारं माणूस असेल.

तेव्हा मी रोज थोडी थोडी वही उतरवते आहे. ॲडलेडशी माझा वाद चालू आहे तो 'फरार' या शेऱ्यावरून. मला तो लिहायचा नव्हता. आजोबांच्या रागाचा, किंवा त्यांच्या भीतीचा शेरा मी ऐंशी वर्षांनी त्या लोकांच्या कपाळी पुन्हा का लिहावा? आणि शनिचरीला कुणाला सापडायचं नसेल तर? बाईंनी आपल्या बहिणीचा हट्ट इतकी वर्षं ऐकलेला असल्यामुळे त्या चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच लिहिलं, की त्या वहीतलं बाकी सगळं तुमच्या आजोबांनी ठरवलं होतं. हजेरी, दिवस, उचल, नावसुद्धा. त्या बाईने स्वतः केलेली गोष्ट त्या पानावर तेवढी एकच आहे. ती पुसलीत तर काय उरलं?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेरा मी ठेवला आहे. उचलीचा आकडा मात्र अजून लिहिलेला नाही.